जुन्या जिप्सीला घरी ईएफआय करताय? इंजेक्टर निवडण्याबद्दल सविस्तर

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला तुझ्याकडे कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंग आहे, १.३ लिटर आठ व्हॉल्व्हचं इंजिन, तिला तू स्पीडुइनो (इंजिनाचं पेट्रोल सांभाळणारा, घरी जोडता येणारा छोटा संगणक बोर्ड) लावून घरीच फ्युएल इंजेक्शन (ईएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणं) करतोयस, मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) आर्गन वेल्डिंग मारून इंजेक्टर बसायचे बॉस (भोकाचे गट्टू) बसवून घेणार आहेस, आणि ऑनलाइन एकाकडे ५५० सीसीचे (मिनिटाला एवढं पेट्रोल सोडणारे) चार इंजेक्टर स्वस्तात मिळतायत तर "पुढेमागे टर्बो टाकला तरी कामाला येतील" म्हणून घेऊन ठेवू का, असं विचारतोयस. काका म्हणून हाक मारलीस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

घेऊ नकोस. स्वस्त मिळाले काय, फुकट मिळाले तरी घेऊ नकोस.

आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल. सगळे जण इंजेक्टर निवडताना वरच्या टोकाकडे बघतात, म्हणजे फुल थ्रॉटलला ६००० आरपीएमला पेट्रोल पुरेल का नाही. ते गणित सोपं आहे, पाच मिनिटांत होतं, आणि तिथे चुकतं फार कमी जणांचं. चुकतं ते खालच्या टोकाला, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना. गाडी सिग्नलला उभी आहे, फॅन चालू झाला, हेडलाइट लावला आणि इंजिन गचके खायला लागलं, ही खरी परीक्षा. तुझी जिप्सी आयुष्यातला किती टक्के वेळ ६००० ला फिरणारे सांग बरं, ट्रेलवर तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतच असते.

माझी पहिली फजिती नेमकी हीच होती. तेव्हा मला पण मोठ्याची हौस, एका विक्रेत्याकडून मोठे इंजेक्टर आणले, डबीवर आकडा छान छापलेला, डेटाशीट मागितली तर "सर ओरिजिनल आहे" एवढंच उत्तर. दोन महिने आयडल ट्यून करत बसलो. लॅपटॉप मांडीवर, एक आकडा कमी केला की बंद पडायची, वाढवला की प्लग काळे. शेवटी एकदा डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा भपकारा. सिलिंडर धुऊन धुऊन पेट्रोल खाली ऑइलमध्ये चाललं होतं. ऑइल फेकलं, इंजेक्टर काढले, एका साध्या फॅमिली कारचे जुने बारके इंजेक्टर साफ करून टाकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आयडल घड्याळासारखं. तेव्हापासून मी आधी खालचं गणित करतो मग वरचं. पण समजायला वरचं सोपं म्हणून तिथूनच सुरू करू.

तुझं इंजिन कंपनीतून साधारण ६० बीएचपीचं. ईएफआय केल्यावर थोडं सुधारेल, हेडरबिडर टाकशील, आपण ७० धरू. साध्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला ढोबळमानाने दर बीएचपीला मिनिटाला सव्वापाच सीसी पेट्रोल लागतं. हा आकडा जुन्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा. आता पंपावर ई२० मिळतं, त्यात इथेनॉल २० टक्के, आणि इथेनॉलला तेवढ्याच हवेला जास्त मात्रा लागते (शुद्ध पेट्रोलचं हवा-पेट्रोल गुणोत्तर १४.७, इथेनॉलचं ९, ई२० चं येतं साधारण साडेतेराच्या आसपास), म्हणजे आठ-नऊ टक्के जास्त. म्हणून सव्वापाचच्या जागी ५.७ धर. ७० गुणिले ५.७, झाले ४०० सीसी मिनिटाला, सगळ्या इंजिनाला मिळून. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी १००. इंजेक्टर कायम उघडा ठेवून चालवायचा नसतो, ८० टक्के ड्यूटीवर (म्हणजे ८० टक्के वेळ उघडा) थांबायचं, म्हणून १०० भागिले ०.८, आले १२५ सीसी. बस्स. एवढाच. तू ५५० घ्यायला निघालायस.

थोडी मोकळीक ठेवून १५० ते २०० च्या मधला काहीही तुझ्या गाडीला चालेल. पुढच्या हिशोबासाठी मी १८० धरतो.

आता खालचं टोक. तुझ्या एका सिलिंडरचं माप ३२५ सीसी. आयडलला मॅनिफोल्डमध्ये प्रेशर साधारण ३५ किलोपास्कल असतं आणि सिलिंडर भरतोही अर्धामुर्धाच, तर एका वेळी आत जाणारी हवा ०.०८ ग्रॅमच्या आसपास. तिला पेट्रोल लागतं ०.००५८ ग्रॅम, सीसीत सांगायचं तर ०.००७८. एक थेंबसुद्धा नाही, थेंबाचाही बारका तुकडा. १८० सीसीचा इंजेक्टर एका मिलिसेकंदात ०.००३ सीसी सोडतो, म्हणजे तो २.६ मिलिसेकंद उघडा राहिला की काम झालं. ५५० वाल्याला तेवढंच पेट्रोल सोडायला लागतात ०.८५ मिलिसेकंद. आणि तू बॅच फायर करणार असशील, म्हणजे एका सायकलमध्ये दोनदा फवारा, तर हे निम्मं होतं, ०.४३.

तर मग ०.८५ ने काय बिघडलं, इलेक्ट्रॉनिक्सला एवढा वेळ खूप झाला, असं तू म्हणशील. इलेक्ट्रॉनिक्सला चालतं रे, लोखंडाला चालत नाही. इंजेक्टरच्या आत कॉइल आहे, स्प्रिंग आहे, सुई आहे. करंट दिला की सुई लगेच उचलत नाही, मॅग्नेट भरायला वेळ जातो, बंद करतानाही थोडा जातो, या सगळ्याचा जो फरक उरतो त्याला डेड टाइम म्हणतात. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंद असतो, बॅटरी उतरली की वाढतो, १० व्होल्टला दीडच्या पुढे जातो. म्हणजे तुझा ईसीयू (इंजिनाचा संगणक, तुझ्याकडे स्पीडुइनो) १८० वाल्याला ३.६ मिलिसेकंदांचा हुकूम सोडणार, त्यातला १ वाया, २.६ कामाचा. ५५० वाल्याला १.८५ चा हुकूम, १ वाया, ०.८५ कामाचा.

इथे मुद्दा लक्षात घे. हेडलाइट आणि रेडिएटरचा फॅन एकदम चालू झाले, व्होल्टेज एक-दीडने पडलं, डेड टाइम ०.१ ने चुकला समज. १८० वाल्याला २.६ मधले ०.१, म्हणजे चार टक्के, इंजिनाला कळतही नाही. ५५० वाल्याला ०.८५ मधले ०.१, बारा टक्के. दोन फवाऱ्यांत ०.४३ मधले ०.१, तेवीस टक्के! एवढ्यात इंजिन लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) बंद पडेल नाहीतर गचके खात राहील. शिवाय इतक्या बारीक पल्सला साध्या इंजेक्टरची सुई पूर्ण उघडलेलीच नसते, कधी अर्धी उघडते कधी पाव, त्या भागात गणित सरळ रेषेत राहत नाही आणि चारही इंजेक्टर चार दिशांना वागतात. एक सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त), शेजारचा लीन, आणि एक्झॉस्टमधला तुझा ओ२ (ऑक्सिजन) सेन्सर सगळ्यांची सरासरी दाखवून म्हणणार सगळं छान आहे.

हां, एक कबूल करतो, नवीन पिढीचे चांगले मोठे इंजेक्टर, बॉशच्या ईव्ही१४ घराण्यातले वगैरे, बारीक पल्सला बरेच सुधारलेत, आणि त्यांच्याबरोबर व्होल्टेजनुसार डेड टाइमचा पूर्ण तक्ता मिळत असेल तर मोठा इंजेक्टरसुद्धा सांभाळता येतो. पण तसे खरे इंजेक्टर स्वस्तात चार मिळत नसतात. टर्बोचं म्हणशील तर ज्या दिवशी खरंच टाकशील त्या दिवशी इंजेक्टर बदल, चार क्लिप काढायच्या असतात फक्त, बॉस आणि रेल (चारही इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) तेच राहतात. टर्बोचा खर्च करणाऱ्याला तो खर्च जड नसतो. आणि जिप्सीला टर्बो टाकणार टाकणार म्हणणारे मी खूप पाहिलेत.

वरच्या टोकाला १८० पुरतो का तेही पडताळून बघू, नाहीतर म्हणशील काकांनी घाबरवून बारका गळ्यात मारला. ६००० आरपीएमला फोर स्ट्रोकची एक सायकल २० मिलिसेकंदांची. फुल थ्रॉटलला तुझ्या एका सिलिंडरला ०.०३५ सीसीच्या जवळपास पेट्रोल लागेल, १८० वाल्याला त्याला १२ मिलिसेकंद, अधिक १ डेड टाइम, १३. वीसातले तेरा, ६५ टक्के. पुरतो, आणि उरतो.

बुलेटवाले पण मला हाच प्रश्न विचारतात म्हणून जाता जाता, जुन्या ३५० बुलेटचा एकच सिलिंडर ३४६ सीसीचा, म्हणजे तुझ्या जिप्सीच्या एका सिलिंडरएवढाच, ताकद पण तेवढीच १८-२० बीएचपी. त्यामुळे त्यांनाही इंजेक्टर असाच लागतो. त्यांची डोकेदुखी वेगळी, एक सिलिंडर असल्याने मॅनिफोल्डचं प्रेशर भयंकर नाचतं. तो विषय पुन्हा कधीतरी.

आता प्रेशर. इंजेक्टरवर लिहिलेला सीसीचा आकडा कोणत्या प्रेशरला आहे हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. बहुतेक वेळा ३ बारला असतो, पण बहुतेक म्हणजे कायम नव्हे. प्रेशर वाढवलं की फ्लो वर्गमुळाच्या पटीत वाढतो, ३ चे ४ बार केले तर एकतृतीयांश नाही वाढत, पंधरा टक्केच वाढतो. त्यामुळे इंजेक्टर किंचित बारका पडला तर प्रेशर रेग्युलेटर थोडा वर करून निभतं, साडेतीन बारला आठ टक्के मिळतात. उलटं करू नकोस, म्हणजे मोठा इंजेक्टर आणून प्रेशर दोन बारवर आणून "बारका" करायचा, फवारा बिघडतो, धार पडते, वाफ होत नाही. आणि प्रेशर बदललं की डेड टाइमही बदलतो हे विसरू नकोस.

रेग्युलेटर घेताना व्हॅक्युमची नळी असलेला घे आणि ती मॅनिफोल्डला जोड, टाकीकडे परतीची लाइन टाक. नळी नाही जोडली तर आयडलला मॅनिफोल्डच्या ओढीमुळे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ३ च्या जागी ३.६५ बार होतो आणि फ्लो दहा टक्के वाढतो, नेमका तिथे जिथे आपल्याला कमी हवाय. हल्लीच्या गाड्यांत परतीची लाइन नसते, सगळं टाकीतच असतं, ते ईसीयूमध्ये हिशोब करून सांभाळतात. तू पहिल्यांदा करतोयस, सोप्या वाटेने जा.

पुढचा मुद्दा ओहम, म्हणजे कॉइलचा रोध (इम्पिडन्स). मल्टिमीटर काढ आणि इंजेक्टरच्या दोन पिनांवर लाव. १२ ते १६ ओहम आलं तर हाय इम्पिडन्स, हाच पाहिजे. २-३ ओहम आलं तर लो इम्पिडन्स, तो बाजूला ठेव. हिशोब शाळेतला आहे, १४ व्होल्ट भागिले १४ ओहम, १ अँपिअर. १४ भागिले २.४, जवळजवळ ६ अँपिअर. लो इम्पिडन्सला आधी चारेक अँपिअरचा धक्का देऊन उघडायचं आणि मग एका अँपिअरवर धरून ठेवायचं असा वेगळा ड्रायव्हर लागतो. मेगास्क्वर्ट या दुसऱ्या घरगुती ईसीयूच्या व्ही३ बोर्डावर करंट मर्यादित ठेवायची सोय आहे, पण स्पीडुइनोचा साधा बोर्ड फक्त चालू-बंद जाणतो, त्याला लो इम्पिडन्स थेट जोडलास तर ड्रायव्हर तापून जाईल किंवा इंजेक्टरची कॉइल भाजेल. मध्ये रेझिस्टर टाकून चालवता येतं, प्रत्येक इंजेक्टरला पाच-सहा ओहमचा, चांगला २५-५० वॉटचा सिरॅमिक किंवा अॅल्युमिनियम बॉडीचा, पण मग इंजेक्टर सुस्तावतो, डेड टाइम वाढतो, आणि बॉनेटखाली चार गरम विटा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या परदेशी परफॉर्मन्स गाड्यांचे आणि थ्रॉटल बॉडीत बसणारे मोठे इंजेक्टर बहुतेक लो इम्पिडन्स असतात. आपल्याकडच्या साध्या एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांचे जवळपास सगळे हाय.

मग आणायचे कुठून. माझं मत विचारशील तर दुसऱ्या गाडीचे, कंपनीचे, वापरलेले. नवीन बनावटीपेक्षा जुना अस्सल बरा. निवडायची युक्ती अशी, की अशी गाडी शोध जिची दर सिलिंडरमागे ताकद तुझ्याएवढी आहे, आणि इंटेक व्हॉल्व्हही तुझ्यासारखा सिलिंडरला एकच आहे. हे दुसरं का, तर सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात सिलिंडरला दोन इंटेक व्हॉल्व्ह, त्यामुळे त्यांच्या इंजेक्टरचा फवारा बऱ्याचदा दोन फाट्यांचा असतो, एक फाटा एका व्हॉल्व्हवर, दुसरा दुसऱ्यावर. तुझ्या आठ व्हॉल्व्हच्या हेडमध्ये तो लावला तर दोन्ही फाटे पोर्टच्या भिंतींवर आपटणार, पेट्रोल भिंतीवरून ओघळत जाणार, आणि थंड इंजिन सकाळी कटकट करणार. चालत नाही असं नाही, चालतं, पण एकच कोन असलेला मिळत असताना का घ्या. तुझ्याच जिप्सीची २००० सालानंतरची एमपीएफआय आवृत्ती सोळा व्हॉल्व्हची, ८० बीएचपीची. फ्लोच्या दृष्टीने तिचे इंजेक्टर तुला चपखल, फवारा मात्र तपासून घे. दुसरीकडे जुनी फोर्ड आयकॉन १.३ रोकॅम, आठ व्हॉल्व्ह, ७० च्या आसपास ताकद, कागदावर तुझ्या इंजिनाची सख्खी बहीणच. अशा भंगारात गेलेल्या गाड्यांचे सेट पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला विचारलंस तर मिळून जातात. रेलसकट घे, क्लिप, कनेक्टर आणि कनेक्टरच्या मागची वीतभर वायर कापून घे. कनेक्टर नंतर शोधायला गेलास की इंजेक्टरपेक्षा जास्त पायपीट होते. दोन-तीन इंजेक्टर जास्तीचे घे, सहा-सातातून चार जुळणारे निवडता येतील. आणि मूळ गाडीत रेलचं प्रेशर किती होतं ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून बघून ठेव.

आणल्यावर कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यासुद्धा. मोज. हा भाग लोक टाळतात आणि मग महिनोन् महिने ट्यूनिंग करत बसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी इंजेक्टर साफ करून घे, डिझेल पंप-नोझलवाल्यांकडे किंवा मोठ्या गॅरेजात अल्ट्रासोनिक मशिन असतं. मागच्या बाजूला बारीक जाळीचा फिल्टर असतो टोपीसारखा, तो जुना उपसून नवीन बसव. मग टेबलावर रेल आडवी बांध, पंप, रेग्युलेटर, प्रेशर गेज, खाली प्रत्येक इंजेक्टरला एक काचेची बाटली. टेस्टला पेट्रोल नको, हार्डवेअरवाल्याकडचं मिनरल टर्पेंटाइन घे, पेट्रोलपेक्षा उशिरा भडकतं, तरी पण बाहेर अंगणात कर, पंपाचा स्विच लांब ठेव, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. टर्पेंटाइन पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे पेट्रोलचा सीसी फ्लो यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त धर. (कंपन्या मोजतात हेप्टेनवर, ते पेट्रोलपेक्षा हलकं, म्हणून छापील आकडा पेट्रोलला चारेक टक्के कमीच भरतो. हा फरक बघून "फसवलं" म्हणून ओरडू नकोस.)

एका आर्डुइनो उनोला (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) मॉसफेट (इंजेक्टर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) लावून चार ओळींचा प्रोग्रॅम लिही, १००० पल्स, दर २० मिलिसेकंदाला एक. आधी ३ मिलिसेकंदांचे हजार, बाटली तोल. मग ६ मिलिसेकंदांचे हजार, परत तोल. सोनारकाम करणारे वापरतात तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, तो घे, मेजरिंग सिलिंडरच्या रेघा वाचण्यापेक्षा वजन कधीही खरं. ग्रॅमचे सीसी करून घे. समज ३ ला ६ सीसी आलं आणि ६ ला १५ सीसी. ३ मिलिसेकंद जास्त दिल्यावर ९ सीसी जास्त पडलं, म्हणजे दर मिलिसेकंदाला हजार पल्सांत ३ सीसी, हाच तुझा १८० सीसी मिनिटाचा फ्लो. आणि ६ सीसी पडायला २ मिलिसेकंद पुरतात, पण आपण तर ३ दिले होते. मग एक गेला कुठे? तोच डेड टाइम. कोणाची डेटाशीट लागली नाही, एक काटा आणि एक दुपार लागली.

हीच टेस्ट बॅटरीला चार्जर लावून १४ व्होल्टला, मग चार्जर काढून १२ ला, आणि जमलं तर पॉवर सप्लायवर १० ला कर. तीन आकडे आले की ट्यूनरस्टुडिओमध्ये (ईसीयू ट्यून करायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) व्होल्टेज करेक्शनचा जो तक्ता असतो तो खऱ्या आकड्यांनी भर, बाकीचे तो मधले काढेल. लोक तिथे आधीपासून भरलेले आकडे तसेच ठेवतात आणि मग व्हीई टेबलमध्ये (आरपीएम आणि लोडप्रमाणे सिलिंडर किती भरतो त्याचा तक्ता) आयडलच्या कोपऱ्यात डोंगर-दऱ्या करून तो फरक भरून काढतात. दिसायला चाललेलं असतं, पण थंडीतल्या सकाळी स्टार्टरने बॅटरी दहावर आणली की सगळं उघडं पडतं.

चारही इंजेक्टरांत दोन-तीन टक्क्यांच्या आत फरक असायला हवा. बघताना फवाऱ्याकडेही बघ, मागे काळा कागद धर आणि बाजूने टॉर्च मार. धुक्यासारखा सारखा कोन दिसला पाहिजे, मधे जाड धार दिसली की तो बाद. शेवटी पल्स बंद करून प्रेशर तसंच ठेव आणि चहा पिऊन ये, दहा मिनिटांत टोकाला थेंब धरलेला दिसला तर तोही बाद. गळका इंजेक्टर गाडी गरम असताना परत स्टार्ट करायला त्रास देतो आणि दोष आपण सेन्सरला देत बसतो.

बसवण्याचं थोडं. बॉस लेथवाल्याकडून करून घेताना इंजेक्टर हातात देऊन कर, कागदावर माप लिहून देऊ नकोस. ओ रिंग साधारण १४ मिलिमीटरची, भोक तिच्यापेक्षा किंचित कमी, आत गुळगुळीत, तोंडाशी उतार, नाहीतर बसवताना रिंग कापते आणि दिसत नाही. आर्गन मारल्यावर अॅल्युमिनियम वाकतं आणि भोक अंडाकृती होतं, म्हणून भोक थोडं कमी ठेवून वेल्डिंगनंतर रीमर फिरवायला सांग. मॅनिफोल्डचा फ्लँजही परत सपाट करून घे. नेम व्हॉल्व्हच्या पाठीवर. ओ रिंग नवीन, इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉनच्या, बसवताना बोटाने इंजिन ऑइलचा हात फिरव.

रेलला दोन मजबूत बोल्ट हवेतच. ओ रिंगा रेल धरून ठेवत नाहीत, फक्त गळती थांबवतात. ३ बारला एक इंजेक्टर रेलला साडेचार किलोच्या जोराने वर ढकलतो, चार मिळून अठरा किलो, आणि त्याच बॉनेटखाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कार्ब्युरेटरच्या वेळची रबरी नळी इथे अजिबात चालणार नाही, ती पाव-अर्ध्या बारसाठी होती, फ्युएल इंजेक्शनची जे३० आर९ लिहिलेली घे आणि क्लॅम्पही तसलेच, स्क्रू-पट्टीने नळी कापणारे नकोत. पंपाचा रिले ईसीयूवरून, आरपीएम नाही तर पंप बंद. जुना मेकॅनिकल पंप काढून तिथे प्लेट लाव.

गाडी रस्त्यावर चालवणार असशील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफाराला परवानगी लागते, आरटीओत आधी विचार. बंद ट्रॅकवर आणि ऑफरोडला वापरणार असशील तर तुझा तू.

वायरिंगचं तू विचारलं नाहीस पण सांगतो, इंजेक्टरला प्लस मेन रिलेतून फ्यूज लावून, मायनस ईसीयू देतो, दोन पिनांपैकी कुठली कुठे याने कॉइलला फरक पडत नाही. क्रँकला ३६-१ चं चाक (३६ दातांतला एक गाळलेलं, क्रँक कुठे आहे ते ईसीयूला सांगणारं) लावतोयस म्हणालास, कॅमचा सेन्सर नाही, म्हणजे पूर्ण सिक्वेन्शियल (दर सिलिंडरला त्याच्या वेळेला एकच फवारा) होणार नाही, बॅच किंवा सेमी-सिक्वेन्शियलच. म्हणून तर वर दोन फवाऱ्यांचं गणित केलं. १८० वाल्यालाही दोन फवाऱ्यांत १.३ मिलिसेकंदच येतात, तेही काठावरच आहेत. १५०-१६० सीसीचा चांगला सेट मिळाला तर मी डोळे झाकून तो घेईन.

आधी मल्टिमीटर आणि काटा घेऊन बस, हाती आलेल्या सेटचे ओहम आणि ३ व ६ मिलिसेकंदांची वजनं इथे टाक. चारही इंजेक्टरांचे आकडे बघितल्याशिवाय मॅनिफोल्डला भोक पाडू नकोस.